टॅबलेट लोगोवर अडकला? संगणकावरून फर्मवेअर पुन्हा बसवण्याची पद्धत

टॅबलेट चालू केला की कंपनीचा लोगो येतो, जातो, पुन्हा येतो. किंवा अपडेट अर्ध्यावर असताना बॅटरी संपली आणि आता पडद्यावर नुसतं केबलचं चित्र दिसतंय. अशा वेळी टॅबलेट संगणकाला जोडून फर्मवेअर, म्हणजे टॅबलेट चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, नव्याने बसवता येतं. काम वाटतं तेवढं अवघड नाही. शेवटचं बटण दाबलं की पुढचं सगळं संगणकच करतो. गडबड होते ती त्या बटणाच्या आधी: फाइल भलत्याच मॉडेलची असते, केबल फक्त चार्जिंगची असते, नाहीतर ड्रायव्हरच (संगणकाला टॅबलेट ओळखू देणारं सॉफ्टवेअर) बसलेला नसतो. म्हणून पुढे तयारीवर जास्त वेळ घालवला आहे.

खरंच गरज आहे का?

फर्मवेअरला हात लावण्याआधी दोन गोष्टी करून पाहा.

पहिली म्हणजे जबरदस्तीने रीस्टार्ट. होम बटण नसलेल्या आयपॅडवर, वरच्या पॉवर बटणाजवळचं आवाजाचं बटण दाबून सोडा, मग दुसरं आवाजाचं बटण दाबून सोडा आणि मग पॉवर बटण सफरचंदाचा लोगो येईपर्यंत धरून ठेवा. होम बटण असेल तर होम आणि पॉवर दोन्ही एकत्र धरा. सॅमसंगवर आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकत्र सात-आठ सेकंद धरा. बाकीच्या बहुतेक अँड्रॉइड टॅबलेटवर नुसतं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद धरलं तरी भागतं.

दुसरी अँड्रॉइडपुरती. टॅबलेट रिकव्हरी मेनूपर्यंत (अँड्रॉइड सुरू न होताही उघडणारा दुरुस्तीचा मेनू) जात असेल आणि तिथे 'वाइप कॅशे पार्टिशन' हा पर्याय असेल तर तो वापरा. यात फोटो-फाइल जात नाहीत. त्याच मेनूतल्या 'फॅक्टरी रीसेट'ने मात्र सगळं पुसलं जातं, तेव्हा ओळ नीट वाचून मगच निवडा.

एवढं करूनही लोगोच फिरत राहिला तर फर्मवेअरकडे वळा. पण टॅबलेटची पाठ फुगलेली असेल, चार्जरला लावल्यावर तो नको तितका तापत असेल किंवा पडद्यावर रेघा असतील, तर त्याचा फर्मवेअरशी संबंध नाही. फुगलेल्या बॅटरीचा टॅबलेट तासभर संगणकाला जोडून ठेवणं धोक्याचंही आहे.

आत काय चालतं, ते थोडक्यात

हे समजलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. टॅबलेट चालू होताना तीन टप्पे होतात. सगळ्यात आधी प्रोसेसरमध्येच कोरलेला छोटा प्रोग्रॅम चालतो. त्याला बूट रॉम म्हणतात आणि तो कोणालाही पुसता येत नाही. तो स्टोअरेजमधला बूटलोडर शोधतो आणि बूटलोडर पुढे अँड्रॉइड किंवा आयपॅडओएस सुरू करतो.

संगणकाशी बोलण्याची सोय पहिल्या दोन टप्प्यांत असते. अँड्रॉइड पार कोलमडलं तरी बूटलोडर शाबूत असेल तर तो संगणकाकडून नवं फर्मवेअर घेऊ शकतो. आयपॅडचा रिकव्हरी मोड आणि सॅमसंगचा डाउनलोड मोड याच टप्प्यावरचे. बूटलोडरच बिघडला तर फक्त बूट रॉम उरतो. आयपॅडचा डीएफयू मोड आणि रॉकचिप प्रोसेसरच्या टॅबलेटचा मास्करॉम मोड हे त्या खालच्या पातळीवरचे दरवाजे. तिथून टॅबलेट परत आणता येतो, पण वाट जास्त बिकट असते. तेव्हा एक गोष्ट पक्की धरा: सिस्टिमची फाइल चुकली तर दुसरी टाकता येते, बूटलोडरची फाइल चुकली तर आगीतून फुफाट्यात.

केबल, पोर्ट, जागा, बॅटरी

केबल डेटा नेणारी हवी. पॉवर बँकसोबत आलेल्या बऱ्याच केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच, त्यामुळे चार्जिंग होतं पण संगणकाला टॅबलेट दिसत नाही. ओळखायचं सोपं: तीच केबल चालू फोनला लावून संगणकावर एक फोटो कॉपी करून बघा. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल काही टॅबलेट या खास मोडमध्ये ओळखत नाहीत, म्हणून एका टोकाला नेहमीचा चौकोनी यूएसबी-ए असलेली केबल जवळ ठेवा.

डेस्कटॉप असेल तर मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा. यूएसबी हब किंवा मॉनिटरमधला पोर्ट टाळा. जुन्या आणि स्वस्त टॅबलेटची टूल्स यूएसबी २च्या पोर्टवर जास्त सुरळीत चालतात. यूएसबी ३वर ती कधी टॅबलेट ओळखतात आणि लिहायला लागल्यावर सोडून देतात.

डिस्कवर १५ ते २० जीबी जागा मोकळी हवी. फर्मवेअरची झिप चार-सहा जीबीची असते आणि उघडल्यावर तेवढीच जागा पुन्हा लागते. फाइल पेन ड्राइव्हवरून आणणार असाल तर तो एफएटी३२ फॉरमॅटचा नाही ना ते बघा, कारण त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

टॅबलेटची बॅटरी निम्मी तरी भरलेली असावी. पडदाच लागत नसेल आणि टक्केवारी दिसत नसेल तर तासभर त्याच्या स्वतःच्या चार्जरला लावून ठेवा. डाउनलोड मोडमध्ये संगणकावरून जेमतेम चार्जिंग होतं, काही वेळा तर अजिबात होत नाही. लॅपटॉप चार्जरला लावा आणि त्याचा स्लीप मोड बंद करा. लिहिणं चालू असताना लॅपटॉप झोपी गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शेवटचं, आणि सगळ्यात महागात पडणारं: डेटा आणि खातं. टॅबलेट अधूनमधून का होईना चालू होत असेल तर आधी बॅकअप घ्या. आयपॅडचा बॅकअप संगणकावर घेताना 'एन्क्रिप्टेड' पर्यायावर खूण करा, तरच साठवलेले पासवर्डही त्यात येतात. आजच्या टॅबलेटमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो. एकदा पुसला की तो कुठल्याही रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत येत नाही. त्यासोबत टॅबलेटवरच्या ॲपल किंवा गुगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड हाताशी असू द्या. फर्मवेअर नवं बसलं तरी टॅबलेट जुन्याच खात्याची ओळख मागतो. आयपॅडवर त्याला ॲक्टिव्हेशन लॉक म्हणतात, अँड्रॉइडवर एफआरपी. चोरीच्या टॅबलेटला आळा घालण्यासाठीच ही सोय आहे आणि फर्मवेअर बसवून ती सुटत नाही. मेमरी कार्ड आणि सिम आधीच काढून ठेवा.

आयपॅड

सगळ्यात सोपी बाजू ही. इथे चुकीची फाइल बसवायची भीतीच नाही, कारण योग्य फाइल संगणक स्वतः शोधतो आणि ॲपलच्या सर्व्हरने मंजुरी दिल्याशिवाय काहीच बसत नाही.

मॅकवर कॅटालिना (१०.१५) किंवा त्यापुढची सिस्टिम असेल तर हे काम फाइंडरमध्येच होतं. त्याआधीच्या मॅकवर आयट्यून्स लागतं. विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून 'ॲपल डिव्हायसेस' हे ॲप घ्या, नाहीतर आयट्यून्स. जुन्या सिस्टिमच्या मॅकला नवा आयपॅड जोडला की एक छोटं सॉफ्टवेअर अपडेट घ्यायला सांगितलं जातं. ते नाकारू नका, त्याशिवाय संगणकाला आयपॅड कळणार नाही.

१. आयपॅड केबलने जोडा आणि फाइंडर किंवा ॲप उघडा ठेवा.

२. होम बटण नसेल तर: पॉवर बटणाजवळचं आवाजाचं बटण दाबून सोडा, दुसरं दाबून सोडा, मग पॉवर धरून ठेवा. होम बटण असेल तर: होम आणि पॉवर एकत्र धरा.

३. सफरचंद दिसलं म्हणून बोट उचलू नका. बहुतेक घोळ इथेच होतो. पडद्यावर केबल आणि संगणकाचं चित्र येईपर्यंत बटण दाबलेलंच ठेवायचं.

४. संगणकावर खिडकी येईल, आयपॅडमध्ये अडचण असल्याचं सांगेल आणि 'अपडेट' व 'रिस्टोअर' असे पर्याय देईल. आधी 'अपडेट' निवडा. त्यात सिस्टिम पुन्हा बसते आणि डेटा जागेवर राहतो. ते फसलं तरच 'रिस्टोअर'. त्यात सगळं पुसलं जातं.

५. फाइल उतरायला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर आयपॅड आपोआप रिकव्हरी मोडमधून बाहेर पडतो. घाबरायचं कारण नाही. डाउनलोड पूर्ण होऊ द्या, मग आयपॅड बंद करून दुसऱ्या पायरीपासून पुन्हा करा. फाइल आता संगणकावर असल्याने काम लगेच पुढे सरकतं.

इंटरनेट संथ असेल तर फाइल आधी वेगळी उतरवून ठेवता येते. तिचा प्रकार आयपीएसडब्ल्यू. मग मॅकवर ऑप्शन आणि विंडोजवर शिफ्ट धरून 'रिस्टोअर'वर क्लिक केलं की फाइल निवडायची खिडकी उघडते. जुनी आवृत्ती परत बसवायच्या आशेने जुनी फाइल शोधण्यात मात्र वेळ घालवू नका. ॲपल साधारणपणे ताज्या आवृत्तीलाच मंजुरी देतं, बाकीच्यांवर ३१९४ क्रमांकाची चूक येते. ताजी फाइल असूनही हीच चूक आली तर संगणकातली 'होस्ट्स' फाइल तपासा. कधीकाळी एखाद्या टूलने तिच्यात ॲपलच्या सर्व्हरचा पत्ता वळवून ठेवलेला असतो. त्या ओळी काढल्या की काम होतं. ऑफिसच्या नेटवर्कवरचं फायरवॉलही असाच अडथळा आणतं, तेव्हा एकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करून बघा.

९, ४०१३, ४०१४ हे आकडे म्हणजे मधेच जोडणी तुटली. केबल बदला, पोर्ट बदला, जमलं तर संगणक बदला. तिन्ही बदलूनही तोच आकडा येत असेल तर आतल्या एखाद्या भागाचा बिघाड समजा.

रिकव्हरी मोडच येत नसेल तर डीएफयू उरतो. होम बटण नसलेल्या आयपॅडवर वरचीच क्रिया करा, पण पडदा काळा होताच पॉवरसोबत आवाज कमीचं बटणही धरा. पाच सेकंदांनी पॉवर सोडा, आवाज कमीचं आणखी दहा सेकंद धरून ठेवा. जमलं तर पडदा पूर्ण काळा राहतो आणि तरीही संगणक आयपॅड सापडल्याचं सांगतो. पडद्यावर कुठलंही चित्र दिसलं तर तो डीएफयू नव्हे, पुन्हा करा. इथून फक्त 'रिस्टोअर' होतं.

सॅमसंग

इथे फाइल आपण निवडायची असते, म्हणून जबाबदारीही आपली.

मॉडेल क्रमांक शोधा. टॅबलेटच्या पाठीवर खालच्या कडेला बारीक अक्षरांत तो छापलेला असतो. 'गॅलेक्सी टॅब ए' हे नाव पुरेसं नाही, त्या नावाचे कितीतरी टॅबलेट निघाले. एसएम-टी५१० आणि एसएम-टी५१५ दिसायला एकच, २०१९चा टॅब ए १०.१. पण पहिला फक्त वायफायचा आणि दुसरा सिमवाला. एकाचं फर्मवेअर दुसऱ्याला चालत नाही.

मग आवृत्ती. सॅमसंगच्या फर्मवेअरच्या लांबलचक नावातली शेवटची पाच अक्षरं कामाची. ती ५-सी-व्ही-जी-२ अशी असतील तर पहिला ५ हा बूटलोडरचा क्रमांक. नंतरचं अक्षर मोठ्या अपडेटचं, व्ही म्हणजे २०२२ साल, जी म्हणजे सातवा महिना आणि शेवटचा आकडा त्या महिन्यातली कितवी आवृत्ती ते सांगतो. यातला पहिला आकडा कधीच मागे नेता येत नाही. टॅबलेटमध्ये ५ असताना ३ची फाइल दिली तर तो 'एसडब्ल्यू रेव्ह चेक फेल' म्हणून नकार देतो आणि डिव्हाइस ५, बायनरी ३ असे आकडेही दाखवतो. तो संदेश आला तर नशीब समजा, कारण काहीच लिहिलं गेलेलं नसतं. आकडा तेवढाच किंवा त्याहून मोठा असलेली फाइल आणायची, बस्स.

लिहिण्याचं टूल ओडिन. ते फक्त विंडोजवर चालतं. मॅक आणि लिनक्ससाठी हाइमडॉल नावाचं मुक्त टूल आहे, पण नव्या मॉडेलांवर त्याचा भरवसा धरू नका. ओडिन सॅमसंगचंच, तरी ग्राहकांसाठी अधिकृतपणे दिलं जात नाही. त्यामुळे त्याच्या नावाखाली काय काय मिळतं याचा नेम नाही. उतरवल्यावर व्हायरस स्कॅन केल्याशिवाय उघडू नका. सॅमसंगचा यूएसबी ड्रायव्हर मात्र कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या आणि टॅबलेट जोडण्याआधी बसवा.

फर्मवेअरची झिप उघडल्यावर आत चार-पाच फाइल मिळतात. त्यांचा शेवट 'टार डॉट एमडी५' असा असतो. त्या पुन्हा उघडायच्या नाहीत, जशाच्या तशा ओडिनला द्यायच्या. नाव बीएलने (बूटलोडर) सुरू होणारी बीएलच्या खान्यात, एपी (सिस्टिम) एपीच्या, सीपी (सिमचा मोडेम) सीपीच्या. फक्त वायफायच्या टॅबलेटला बहुधा सीपी नसते, तो खाना रिकामा राहू द्या. सीएससीच्या (देश आणि कंपनीनुसारच्या सेटिंग्ज) खान्यासाठी दोन फाइल असतात आणि डेटाचं भवितव्य इथेच ठरतं: नुसती 'सीएससी' टाकली तर टॅबलेट पुसला जातो, 'होम सीएससी' टाकली तर डेटा राहतो. आधी 'होम सीएससी'ने प्रयत्न करा. तरीही लोगो फिरत राहिला तर 'सीएससी'.

१. ओडिन ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि फाइल आपापल्या खान्यात घाला. एपीची फाइल निवडल्यावर ओडिनची खिडकी गोठल्यासारखी होते आणि विंडोज 'प्रतिसाद देत नाही' असंही म्हणतं. ती बंद करू नका. अनेक जीबींची फाइल तपासली जात असते, त्याला काही मिनिटं लागतात. इथेच 'एमडी५ एरर' आला तर फाइल उतरताना खराब झाली आहे, नव्याने उतरवा.

२. 'ऑप्शन्स'मध्ये 'ऑटो रीबूट' आणि 'एफ रीसेट टाइम' या दोनच खुणा असू द्या. 'री-पार्टिशन' आणि 'नँड इरेज' यांना हात लावायचा नाही, कोणी कितीही आग्रहाने सांगितलं तरी.

३. टॅबलेट पूर्ण बंद करा. आवाजाची दोन्ही बटणं एकत्र धरा आणि तशीच धरून संगणकाला आधीच लावलेली केबल टॅबलेटमध्ये खोचा. होम बटणाच्या जुन्या मॉडेलवर आवाज कमी, होम आणि पॉवर ही तीन बटणं एकत्र धरायची.

४. इशाऱ्याचा पडदा येईल. आवाज वाढवायचं बटण एकदाच, हलकेच दाबा. नव्या मॉडेलवर तेच बटण दाबून धरलं तर बूटलोडर अनलॉक करण्याचा (बाहेरचं फर्मवेअर चालू देण्याचा) पर्याय येतो, आणि तो स्वीकारला तर सगळा डेटा जातो. चुकून तिथे पोहोचलात तर काही न निवडता आवाज कमी आणि पॉवर धरून बाहेर पडा.

५. ओडिनमध्ये वरच्या खान्यात कॉम पोर्टचा क्रमांक निळ्या रंगात दिसेल आणि खालच्या नोंदीत 'ॲडेड' असा शब्द येईल. तो नसेल तर 'स्टार्ट' दाबण्यात अर्थ नाही. आधी ड्रायव्हर, मग केबल, मग पोर्ट असं तपासा.

६. 'स्टार्ट' दाबा आणि केबलला धक्का लागू देऊ नका. टॅबलेटवर आडवी पट्टी सरकते. पाच ते पंधरा मिनिटांत ओडिनमध्ये हिरवा 'पास' येतो आणि टॅबलेट आपोआप सुरू होतो.

काम 'सेटअप कनेक्शन'वर अडकलं तर टॅबलेट डाउनलोड मोडमधून बाहेर काढा, ओडिन बंद करा आणि दुसऱ्या पोर्टवर पुन्हा जोडा. एकदा फसल्यावर त्याच बैठकीत 'स्टार्ट' पुन्हा दाबून क्वचितच जमतं. लिहिताना मधेच लाल 'फेल' आला तर आधी केबलवर संशय घ्या. टॅबलेटवर आता अपडेट फसल्याचा संदेश राहील, पण बूटलोडर जागेवर असेल तर तोच पडदा डाउनलोड मोडचंही काम करतो. ओडिन उघडून पुन्हा फाइल द्या.

कंपनीचं मूळ फर्मवेअर अशा रीतीने टाकल्याने नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेची खूण मोडत नाही. ती मोडते बाहेरचं, बदललेलं फर्मवेअर टाकल्यावर, आणि मोडली की कायमची.

लेनोवो, पिक्सेल, फायर

इथे कंपनीने सोय करून ठेवली आहे, म्हणून फार सांगण्यासारखं नाही. लेनोवोचं 'सॉफ्टवेअर फिक्स' (आधीचं नाव 'रेस्क्यू अँड स्मार्ट असिस्टंट') विंडोजवर चालतं, मॉडेल विचारून किंवा ओळखून योग्य फाइल उतरवतं आणि पायरीपायरीने चित्रं दाखवतं. पिक्सेल टॅबलेटसाठी गुगलचं फ्लॅश टूल क्रोम ब्राउझरमध्येच चालतं, पण त्याला बूटलोडर अनलॉक करता यायला हवा. ती परवानगी टॅबलेटच्या सेटिंगमध्ये आधीच दिलेली नसेल तर रिकव्हरी मेनूतून एडीबीने (संगणकावरून अँड्रॉइडला आज्ञा देणारं टूल) पूर्ण ओटीए फाइल, म्हणजे अपडेटची पूर्ण फाइल, पाठवावी. त्याला अनलॉकची गरज नाही. ॲमेझॉन फायरच्या अपडेट फाइल कंपनी स्वतः उपलब्ध करून देते आणि त्याही रिकव्हरीतून एडीबीने जातात.

नाव माहीत नसलेले स्वस्त टॅबलेट

खरी कसोटी इथे. एकाच नावाने, एकाच रंगात विकल्या जाणाऱ्या दोन टॅबलेटमध्ये वेगवेगळे बोर्ड निघतात. म्हणून नावावरून फर्मवेअर शोधू नका. टॅबलेट चालू होत असेल तर सेटिंगमधला बिल्ड क्रमांक (सिस्टिमच्या आवृत्तीचा) लिहून घ्या. नसेल तर मागचं झाकण प्लास्टिकच्या पट्टीने सोडवून हिरव्या किंवा निळ्या बोर्डवर छापलेला क्रमांक वाचा. फर्मवेअर त्या क्रमांकाचं हवं. प्रोसेसर बरोबर पण बोर्ड वेगळा अशी फाइल टाकली तर टॅबलेट सुरू होतो, मात्र टच उलटा चालतो, पडदा नुसता पांढरा दिसतो किंवा वायफाय लागत नाही. पडद्याचं आणि टचचं सॉफ्टवेअर त्याच फाइलमध्ये असल्यामुळे हे होतं.

टूल ठरतं ते प्रोसेसरवरून. ऑलविनरसाठी फिनिक्ससूट, रॉकचिपसाठी आरकेडेव्हटूल, युनिसॉकसाठी पीएसी फाइल घेणारं रिसर्चडाउनलोड आणि मीडियाटेकसाठी एसपी फ्लॅश टूल.

ऑलविनरचा टॅबलेट बंद असताना आवाजाचं बटण धरून केबल लावायची आणि बटण न सोडता पॉवर दहाएक वेळा टकटक दाबायचं. फिनिक्ससूट मग फॉरमॅट करायचं का विचारतं. रॉकचिपचं टूल खालच्या ओळीत 'लोडर' किंवा 'मास्करॉम' डिव्हाइस सापडल्याचं सांगतं. 'लोडर' दिसलं तर फर्मवेअर फाइल देऊन 'अपग्रेड' दाबलं की झालं. 'मास्करॉम' म्हणजे बूटलोडर चालत नाहीये, तेव्हा त्याच बोर्डचं पूर्ण फर्मवेअर लागेल.

मीडियाटेकवर थोडं थांबायला हवं, कारण तिथे भरून न येणारी चूक सहज होते. एसपी फ्लॅश टूलमध्ये आधी 'स्कॅटर' नावाची मजकूर फाइल द्यायची. तिच्यात कुठला भाग कुठे लिहायचा याचा नकाशा असतो. वर तीन पर्याय दिसतात. 'डाउनलोड ओन्ली' हाच ठेवा. 'फॉरमॅट ऑल'ने एनव्हीरॅम पुसला जातो. सिमवाल्या टॅबलेटचा आयएमईआय (ओळख क्रमांक), वायफायचा पत्ता आणि रेडिओची जुळणी तिथे असते. कुठल्याही डाउनलोड केलेल्या फर्मवेअरमध्ये ती नसते, कारण ती प्रत्येक नगाची वेगळी असते. मग टॅबलेट सुरू होतो खरा, पण वायफायच्या यादीत नेटवर्कऐवजी 'एनव्हीरॅम वॉर्निंग' अशी ओळ झळकते. फाइलबद्दल शंभर टक्के खात्री नसेल तर यादीतल्या 'प्रीलोडर'समोरची खूणही काढून टाका. प्रीलोडर म्हणजे इथला बूटलोडरचा पहिला तुकडा. तो चुकला तर पडदा काळाच राहतो आणि बूट रॉमची बिकट वाट तेवढी उरते.

इथला क्रमही उलटा आहे: आधी टूलमध्ये 'डाउनलोड' दाबायचं, मग बंद टॅबलेट जोडायचा. टॅबलेट संगणकाला प्रीलोडर म्हणून जेमतेम दोन-तीन सेकंद दिसतो आणि टूलने त्याला तेवढ्यात पकडायचं असतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव क्षणभर येऊन पिवळ्या खुणेसह गेलं तर ड्रायव्हर बसलेला नाही. जुने ड्रायव्हर सही नसल्यामुळे विंडोज नाकारतं. शिफ्ट धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूटमधून स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जा आणि ७ दाबून तपासणी तेवढ्यापुरती बंद करा. ड्रायव्हर बसवून संगणक पुन्हा नेहमीसारखा सुरू केला की तपासणी आपोआप पूर्ववत होते.

बसवून झाल्यावर

पहिल्यांदा सुरू व्हायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. त्या वेळात लोगो दिसत राहणं स्वाभाविक आहे, पॉवर दाबून मोडता घालू नका. अर्धा तास झाला तरी तोच लोगो असेल तर रिकव्हरीतून फॅक्टरी रीसेट करा. जुना डेटा नव्या सिस्टिमशी जुळत नसल्याने असं होतं, आणि बऱ्याचदा एवढ्याने सुटतं.

सुरू झाल्यावर खातं घालायच्या आधीच टच चारही कोपऱ्यांत, कॅमेरे, स्पीकर, वायफाय आणि चार्जिंग तपासून घ्या. काही बंद असेल तर दुसरं फर्मवेअर टाकायला हीच वेळ बरी. मग अपडेट शोधून ताजी सुरक्षा आवृत्ती घ्या आणि वापरलेली फर्मवेअर फाइल मॉडेल क्रमांकाच्या नावाने जपून ठेवा. स्वस्त टॅबलेटची फाइल पुढच्या वेळी इंटरनेटवर सापडेलच असं नाही.

आता थांबायचं कधी. केबल, पोर्ट आणि संगणक बदलूनही लिहिणं दर वेळी त्याच टक्क्यावर थांबत असेल तर स्टोअरेजच्या चिपचा तो भाग बहुधा गेलेला आहे. त्याहून पक्की खूण म्हणजे फॅक्टरी रीसेट झाल्याचा संदेश येतो, टॅबलेट सुरू होतो आणि समोर जुनाच वॉलपेपर, जुनीच ॲप्स. चिपने लिहून घेणंच बंद केलं आहे, वाचणं तेवढं चालू आहे. काही फाइल कॉपी करता आल्या तर ताबडतोब करून घ्या. त्यानंतर हे काम चिप बदलणाऱ्या कारागिराचं, फर्मवेअरचं नाही.